भिंतीपलीकडचं शेण

नवी सून घरात येऊन आठवडा झाला असेल-नसेल, तोच तिनं परसात उभं राहून विचारलं, "आई, ही गॅसची टाकी ना?"

तिची सासू, थोरली, त्या टाकीच्याच पाठीवर घासलेली भांडी उपडी घालत होती. जमिनीतून अर्धवट वर आलेला सिमेंटचा घुमट, कासवानं पाठ वर काढावी तसा. वर शेवाळ, कडेला गवत, आणि मधोमध उन्हात वाळणारी पातेली.

"होती," थोरली म्हणाली. "आता भांड्यांचा ओटा आहे."

"बंद का पडली?"

"का म्हणजे? पडली. चालती-बोलती माणसं बंद पडतात, तू टाकीचं काय घेऊन बसलीस!"

सुनेची नजर टाकीवरून मागच्या भिंतीवर गेली आणि भिंतीवरून पलीकडच्या गोठ्यावर. तिकडं तीन गाई रवंथ करत उभ्या होत्या. थोरलीनं ती नजर पाहिली आणि हातातलं पातेलं जरा जोरातच आपटलं.

एके काळी ही भिंत नव्हती. परस एकच होतं आणि गोठाही एकच. दोन भाऊ, दोन जावा, लग्नाची नणंद, म्हातारी सासू आणि दावणीला पाच जनावरं. त्या भरल्या घराच्या हिशेबानं टाकी बांधली होती आणि ती चालायचीही झकास. मग एक दिवस नणंदेला पाहायला पाहुणे आले आणि नेमकं त्याच दिवशी दूध करपलं. शेगडीवर ठेवलं कुणी आणि लक्ष ठेवायचं कुणी, यावरून दोघी जावांची जुंपली. थोरलीचा आवाज असा की गल्लीत तिला 'तोफ' म्हणत. धाकटी उलट बोलायची नाही, मिठाची गुळणी धरून बसायची आणि करायचं ते करायची. "गोगलगाय नि पोटात पाय!" असं थोरली भर पाहुण्यांसमोर म्हणाली. दूध करपलेलं विसरलं असतं कुणीही. हे वाक्य मात्र विसरलं गेलं नाही. सासू गेली, वाटणी झाली, भिंत उठली. टाकी थोरलीच्या वाट्याला आली, गोठा धाकटीच्या. थोरलीला एक गाय मिळाली, तिला पत्र्याचं छप्पर घातलं. एक विकली. टाकीला रोज लागणारं शेण भिंतीपलीकडं राहिलं, आणि भिंतीपलीकडं काही मागायचं म्हणजे थोरलीच्या जिवावर आलं. टाकी महिन्याभरात थंड झाली. तेव्हापासून दोन्हीकडं चुली, लाकूडफाटा आणि धूर.

सून जिथून आली होती तिथं घरोघरी असल्या टाक्या होत्या. चुलीपुढं बसायची तिला सवय नव्हती. फुंकणीनं फुंकता फुंकता ती अशी रडायची की शेजारणींना वाटे, सासुरवास होतोय. एकीनं तर थोरलीला आडून विचारलंही. "सासुरवास माझा नाही, चुलीचा आहे," थोरली म्हणाली, पण तो टोला तिला लागला.

खोकला तर थोरलीला स्वतःला होताच. इतका जुना, की घरच्यांना तो ऐकूच येत नसे, जसा आपल्याच घड्याळाचा आवाज आपल्याला येत नाही. सुनेला येत होता. एकदा पाण्याची घागर उचलताना थोरलीला धाप लागली आणि ती उंबऱ्यावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. सून तिला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीण तरुण होती. छातीला नळी लावून तिनं बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "किती वर्षं विडी ओढताय, मावशी?"

थोरली उभीच राहिली. "विडी? मी? अहो बाई, माझ्या सात पिढ्यांत कुणी ओढली नाही! आमचे हे पंप दुरुस्त करतात, तेलानं बरबटलेले असतात, पण तेसुद्धा—"

"बसा, बसा. स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर. आणखी कशावर?"

डॉक्टरीण हसली नाही. "मग तुम्ही विडी ओढत नाही, चूल तुम्हाला ओढतेय," ती म्हणाली. "औषध देते. पण धूर चालू आणि औषध चालू, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

परतताना रस्ताभर तोफ गप्प होती. घराशी आल्यावर म्हणाली, "तुमच्याकडं टाक्या कोण बांधतं ग?"

सुनेनं माहेरी निरोप धाडला आणि तिकडून गवंडी आला. बुटका, जाड मिशीचा, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा. त्यानं टाकीचं मागचं तोंड उघडलं, आतला वाळून दगड झालेला गाळ बाहेरून लांब दांड्याच्या फावड्यानं उकरला आणि दोन-तीन दिवस टाकी तशीच उघडी ठेवायला सांगितली. मग दोरीला टोपली बांधली आणि म्हणाला, "एक कोंबडी द्या."

"कशाला?" थोरलीनं विचारलं.

"आत सोडतो. आतल्या हवेत ती जगली तर मी जगेन."

"माझीच कोंबडी सापडली का? तुमच्या गावाहून आणायची एखादी!"

पण तिनं दिली. कोंबडी आत गेली, बराच वेळ राहिली आणि कोकलत वर आली. तेव्हाच गवंडी उतरला. आतून त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा घुमत होता. वर आला तो डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होऊन.

"टाकीच्या मानेशी एक बारीक चीर आहे. ती बुजवतो, आतून गिलावा देतो," तो म्हणाला. "बाकी टाकीला काही झालेलं नाही. ही आजारानं गेलेली नाही, उपासमारीनं गेलीय. गाई किती तुमच्याकडं?"

"एक."

गवंडी हसला. "एका गाईच्या शेणावर ह्या टाकीत चहासुद्धा धड उकळणार नाही. निदान चार जनावरं पाहिजेत."

भिंतीपलीकडून, जणू विचारल्यासारखी, एक गाय हंबरली.

घोडं तिथंच अडलं. थोरलीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो लगेच पान्हा शोधू लागला. "हे बघ, मी कसलाही पंप खोलतो," तो म्हणाला, "पण तुम्हा दोघींच्या मध्ये पडत नाही. तिथले आटे मला माहीत नाहीत." धाकटा भाऊ दूर शहरात कामाला, वर्षातून दोनदा येणारा, त्याच्याकडून काही व्हायचं नव्हतं. सून म्हणाली, "मी जाऊ का धाकट्या सासूबाईंकडं?"

"तू गेलीस तर ती म्हणेल, तोफेनं पोरीला पुढं केलं. नको."

दोन दिवस थोरली स्वतःशीच बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गाईला घेऊन ती भिंतीशी गेली. पलीकडं धाकटी गोठा झाडत होती.

"काय ग बये," थोरली गाईला म्हणाली, "तुझ्या एकटीच्या शेणानं काय होणार? तुझ्या बहिणी पलीकडं. त्यांचं शेण नुसतं उकिरड्यात कुजतंय."

खराटा थांबला. मग पलीकडून धाकटी आपल्या गाईला म्हणाली, "बारा वर्षं कुजतंय. आज कुणाला वास आला?"

थोरलीचा हात गाईच्या पाठीवर थांबला. एरवी तोफ इथंच डागली असती. पण खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला धरून वाकली. उबळ ओसरली तेव्हा धाकटी भिंतीपाशी उभी होती. इतक्या वर्षांत इतक्या जवळून दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. धाकटीचेही केस कानांशी पिकले होते, डोळे धुरानं लाल.

"वाढलाय खोकला," धाकटी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"रोज ऐकते. तुम्ही खोकलात की मला कळतं उजाडलं. मागं चार दिवस तुम्ही लेकाच्या लग्नाला गेलात, तेव्हा आवाज नाही म्हणून मी इथं येऊन उभी राहायची. मग आठवायचं, गावाला गेलेत."

त्या लग्नाचं बोलावणं भिंतीपलीकडं गेलं नव्हतं. थोरलीनं खाली पाहिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "टाकी चालू करतेय मी. शेण कमी पडतंय."

"शेण माझं, टाकी तुमची. मग गॅस कुणाचा?"

"दोघींचा. नळी भिंतीतून काढू. तुझ्याकडं एक शेगडी, माझ्याकडं एक."

धाकटीनं खराटा भिंतीला टेकवला. "माझी एक अट आहे, जाऊबाई. मी बादली भिंतीवर ठेवून निघून जाणार नाही. मी काही शेणवाली नाही तुमची. टाकीच्या तोंडाशी कुंडी आहे, तिच्यात शेण कालवायचं ते दोघींनी मिळून, रोज. तुमचेही हात कोपरापर्यंत बुडाले पाहिजेत."

"माझे हात काय सोन्याचे आहेत?" थोरली म्हणाली. "ये उद्या."

धाकटी दुसऱ्या दिवशी गल्लीला वळसा घालून बादल्या घेऊन आली. कुंडीशी दोघी समोरासमोर बसल्या. जितकं शेण तितकंच पाणी, मग हातानं गुठळ्या फोडायच्या, काडी-खडा वेचून टाकायचा आणि झापडी उचलून सगळं आत सोडायचं. पहिले काही दिवस बोलणं म्हणजे "पाणी घाल", "पुरे", "ती काडी काढ" एवढंच. पण शेणात हात घालून माणूस फार वेळ तोऱ्यात बसू शकत नाही. एकदा थोरलीच्या नाकाला खाज आली आणि ती कोपरानं नाक खाजवायचा खटाटोप करू लागली, तेव्हा धाकटी हसली. मग थोरलीही हसली. घरात सून कणीक मळता मळता थांबली, कारण असा आवाज तिनं ह्या परसातून कधी ऐकला नव्हता.

गल्लीला नवा विषय मिळाला. "शेणावर शिजवलेलं कोण खाणार?" एक म्हणाली. "घासाघासाला गोठा आठवेल." दुसरी म्हणाली, "गॅस येईल न येईल, दोघींत स्फोट आधी होणार." थोरली ऐकून घेत होती आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

टाकी भरली, पण गॅस काही लगेच येईना. गवंडी सांगून गेला होता की काही आठवडे धीर धरा, पहिला गॅस सोडून द्या, त्यात हवा असते. थोरलीच्या नवऱ्यानं नळ्या टाकल्या, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं आणि भिंतीला भोक पाडून एक फाटा पलीकडं नेला. ह्या कामात तो इतका रंगला की दोन पंपवाले दारातून परत गेले. पहिला गॅस सोडून दिला. आणि मग एका सकाळी थोरलीच्या शेगडीवर काडी लावताच भप्पकन निळी ज्योत उठली. लहान, गोल, धुराशिवाय. सून टाळ्या वाजवू लागली. थोरली भिंतीकडं तोंड करून ओरडली, "ए, लागला का तुझ्याकडं?"

"नाही!"

"तोटी उघडलीस का?"

"उघडली! फुरफुरतोय आणि विझतोय!"

दुपारीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. इकडं ज्योत, तिकडं फुरफुर. धाकटीच्या बोलण्यात धार आली. "वरची तोटी तुमच्याकडंच आहे म्हणा. कुणाकडं किती सोडायचा ते तुमच्या हातात." एवढं बोलून ती गेली आणि तिसऱ्या दिवशी शेण घेऊन आलीच नाही.

सुनेला वाटलं, आता तोफ सुटणार. थोरली उठली खरी, पण भिंतीकडं गेली नाही. तिनं शेगडीची तोटी बंद केली, कोपऱ्यातली चूल ओढून पुढं घेतली आणि लाकडं रचू लागली.

"आई, हे काय?"

"तिच्याकडं पेटत नाही तोवर माझ्याकडंही पेटणार नाही."

"अहो, पण डॉक्टरीणबाईंनी—"

"डॉक्टरीणबाईंना जाऊ आहे का?"

लाकडं ओली होती. धूर कौलांतून निघाला आणि परसावर पसरला. थोरली फुंकत होती आणि खोकत होती. सून तिच्या हातातली फुंकणी घ्यायला गेली, तर तिनं दिली नाही. भात अर्धाकच्चा असेल तेव्हा दारात सावली पडली. धाकटी उभी होती, हात कणकेनं भरलेले.

"गॅस असताना चूल का पेटवलीत?"

"माझी चूल, माझी मर्जी."

"कौलांतून धूर निघतोय! तिकडून दिसलं मला. खोकून खोकून मरायचंय का?"

"तूच म्हणालीस, तोटी माझ्या हातात आहे. घे, बंद केली. आता दोघींकडं सारखं झालं."

धाकटीनं शेगडीकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की थोरलीला तिकडं बघवेना. ती पुढं झाली, चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि घागरीतलं पाणी त्यांवर ओतलं. "उठा," ती म्हणाली. "माझ्याकडं चला. काय बिघडलंय ते आधी बघा तरी. नुसतं रुसून काय होतं? रुसायचं काम माझं, तुम्हाला जमत नाही ते."

बारा वर्षांनी थोरली त्या स्वयंपाकघरात गेली. तिनं शेगडीची तोटी फिरवली आणि कान लावला. नळीत गुडगुड आवाज येत होता, बाटलीतून पाणी ओतावं तसा. "अहो!" ती भिंतीतून अशी ओरडली की गाई बिथरल्या. नवरा पान्हा घेऊन धावतच आला. भिंतीपाशी नळीला झोळ पडला होता आणि झोळात पाणी साचलं होतं. गॅसबरोबर वाफ येते, ती थंड होऊन तिथं बसत होती. त्यानं सांधा सोडताच पाणी भळभळ बाहेर आलं.

"उतार उलटा पडला माझ्याकडून," तो कान खाजवत म्हणाला. "चूक माझी. तुम्ही दोघी उगाच..."

"तुम्ही काम करा," दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानं नळीला नीट उतार दिला आणि पाणी सोडायला खाली एक छोटी तोटी बसवली. धाकटीनं काडी ओढली. ज्योत लागली, थरथरली आणि स्थिर झाली. तिनं आधी त्यावर पाणी ठेवलं, मग ते उतरवून दूध ठेवलं. दोघी त्या दुधाकडं पाहत उभ्या राहिल्या. कुणीही हललं नाही. दूध वर आलं तेव्हा दोघींनी एकाच वेळी हात पुढं केले आणि पातेल्याचा चटका बसून दोघींनी एकाच वेळी मागं घेतले. तोटी बंद केली ती मागून आलेल्या सुनेनं.

शेणाचा वास आला का? थोरलीनं पहिला भात तोंडात घालण्याआधी तीनदा हुंगला. भाताला भाताचाच वास होता. पुढच्या दिवसांत लहान-मोठे बदल होत गेले. पातेल्यांची बुडं काळी होईनात, म्हणून घासायला वेळ लागेना. लाकडं आणायला जायचं सुटलं, तर थोरलीला सकाळी काय करावं ते सुचेना; ती नुसतीच घरभर फिरायची आणि सगळ्यांच्या पायात यायची. शेवटी धाकटीकडं शिवणाचं यंत्र होतं, ते शिकायला सुनेनं तिला तिकडं धाडलं. खोकला एकदम गेला नाही. इतका जुना पाहुणा एका दिवसात कसा उठेल? पण धाप कमी झाली आणि पाण्याची घागर ती पुन्हा एकटी उचलू लागली.

भांडणं संपली असं मात्र कुणी समजू नये. टाकीच्या मागच्या तोंडातून पातळ खत बाहेर येतं, त्यावर दोघींचा डोळा. धाकटीला ते तिच्या भाजीच्या वाफ्यांना हवं, थोरलीला पपईच्या झाडांना. दोघींनी एकदम स्वयंपाकाला घेतलं की ज्योत बसते. मग भिंतीतून आरडाओरडा सुरू होतो, "तुझं कालवण किती वेळ शिजतंय ग? दगड शिजवतेस का?" आणि पलीकडून उत्तर येतं, "तुम्ही चहा किती वेळा करता, तेही मोजा!" थंडीत गॅस कमी आला तेव्हा आठवडाभर तणातणी झाली. मग आपोआप ठरलं की मोठं भांडं एकाच घरात चढवायचं आणि दोन्हीकडं वाटून घ्यायचं. कुणी ठरवलं, ते कुणालाच आठवत नाही.

आता गल्लीतल्या बायका पाहायला येऊ लागल्या. ज्या आधी हसल्या होत्या त्याच. थोरली कुंडीपासून शेगडीपर्यंत सगळं दाखवायची आणि धाकटी मागून तिच्या चुका दुरुस्त करायची. अशाच एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली धोबीण आली. कपड्यांना इस्त्री करायची, पाणी तापवायचं, सगळं कोळशावर. डोळ्यांना सतत पाणी. तिनं सगळं नीट पाहिलं, ज्योतीवर हात धरून उष्णता बघितली आणि मग उसासा टाकला.

"आमच्याकडं दोनच जनावरं," ती म्हणाली. "शेजारणीकडं तीन आहेत. पण ती माझ्याशी बोलत नाही."

"का?"

"माझ्या कोंबड्या तिच्या दाण्यात गेल्या होत्या."

थोरलीनं हात धुतले, पुसले आणि चपला पायात सरकवल्या. "चल, घर दाखव तिचं."

"थांबा, जाऊबाई," धाकटीनं बादली खाली ठेवली. "मीही येते. आणि तिथं तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही बोललात की तिच्या-हिच्यामध्ये दुसरी भिंत उभी राहील."

"मग मी काय करू तिथं?"

"हात दाखवा," धाकटी म्हणाली. "कोपरापर्यंत."

धोबीण पुढं, धाकटी तिच्या मागं आणि सगळ्यात शेवटी थोरली. गल्लीच्या वळणापर्यंत तिनं तोंड मिटून ठेवलं. वळणावर मात्र तिला राहवलं नाही आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "कोंबड्या किती होत्या ग?"